बाप्तिस्मा आणि बायबलमधली अवघड वचनं विचारायची एक प्रश्नोत्तर सेवा, वापरून काय वाटलं

आधी सेवा काय आहे ते सांगते. बायबलबद्दलचा प्रश्न मेसेजवर टाकायचा. वेगवेगळ्या मंडळ्यांतले, म्हणजे चर्चमधले, काही पाळक (पास्टर) आणि शिक्षक मिळून हे चालवतात, त्यातलं कोणीतरी लेखी उत्तर पाठवतं आणि समजलं नाही किंवा पटलं नाही तर फोनवर बोलायची वेळ मागता येते. नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत, आणि अशा सेवा आता ढिगाने झाल्यात, तुमच्या हाताला कुठली लागेल सांगता येत नाही. पण चांगलं उत्तर कसं असतं आणि कुठे गुळमुळीत होतं ते या एकीवरून बरंच कळतं म्हणून सविस्तर लिहितेय.

मी यात शिरले ती बाप्तिस्म्यामुळे. माझा बाप्तिस्मा मी तान्ही असताना झालाय, डोक्यावर पाणी ओतून, पुढे कळती झाल्यावर दृढीकरणही झालं, म्हणजे तो विश्वास स्वतः कबूल करायचा विधी. आता जिथे लग्न ठरलंय ती मंडळी विश्वास कबूल करणाऱ्या मोठ्या माणसांनाच आणि पूर्ण बुडवूनच बाप्तिस्मा देते. होणाऱ्या सासूबाई अगदी प्रेमाने म्हणाल्या, तुझा बाप्तिस्मा झालाच नाहीये गं, तेवढा घेऊन टाक. हे ऐकून बाबांचा चेहरा असा काही झाला की विचारू नका. मग दोन्हीकडून फॉरवर्ड सुरू, तिकडून मार्क १६:१६ आणि प्रेषितांची कृत्ये ८, इकडून कृत्ये १६ आणि कलस्सै २. वचनं सगळी खरीच, पण जो तो आपल्या सोयीचं तेवढंच तोडून पाठवतो आणि मागचंपुढचं समोरच्याने शोधायचं.

तर पहिला प्रश्न सरळ टाकला, की लहानपणी झालेला बाप्तिस्मा चालतो का, की परत घ्यायला लागतो.

दोन ओळींचं काहीतरी येईल आणि खाली प्रभू आशीर्वाद देवो असेल अशी माझी अपेक्षा. आलं ते चांगलं लांबलचक, आणि त्याचं पहिलंच वाक्य असं होतं की ताई, मी स्वतः बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीचा पाळक आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. मला हे फार आवडलं. आपला कल कुठे आहे ते आधी उघड करून मग बोलणारा माणूस धार्मिक चर्चेत किती वेळा भेटतो सांगा. पुढे उत्तराचे तीन भाग होते, वचनात नेमकं काय लिहिलंय, मंडळ्या त्यावरून काय काय मानतात, आणि मी काय मानतो. तिसरा भाग सगळ्यात छोटा. माझ्या मते या सेवेचा सगळा जीव या तीन भागांत आहे, आणि पुढे जिथे जिथे त्यांनी हे भाग पाळले नाहीत तिथे तिथे उत्तर घसरलं.

पहिल्या भागात त्यांनी घराण्यांचे बाप्तिस्मे घेतले. लुदिया आणि तिचं घराणं, फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी आणि त्याच्या घरचे सगळे, करिंथमध्ये स्तेफनाच्या घरचे. आमच्याकडचं म्हणणं की घराणं म्हटलं की पोरंबाळं आलीच. उत्तर देणारे ते पाळक ब्रदर म्हणाले, असतील, पण लिहिलेलं नाही. तुरुंगाधिकाऱ्याच्या गोष्टीत १६:३२ ला त्याच्या घरातल्या सगळ्यांना वचन सांगितलं आणि ३४ ला घरादारासकट आनंद केला असं आहे, म्हणजे ऐकण्याएवढे मोठे होते असं धरायला जागा आहे. लुदियाच्या गोष्टीत मात्र घरच्यांच्या विश्वासाबद्दल एक अक्षर नाही, प्रभूने मन उघडलं ते तिचं. तेव्हा लुदियावरून सासूबाईंना काही सिद्ध करता येत नाही आणि तुरुंगाधिकाऱ्यावरून बाबांना. बुडवण्याचंही तसंच. इथियोपियाचा षंढ अधिकारी आणि त्याला बाप्तिस्मा देणारा फिलिप्प दोघं पाण्यात उतरले असं कृत्ये ८ मध्ये स्पष्ट आहे, आणि दुसरीकडे तुरुंगाधिकाऱ्याने भर रात्री पौल आणि सीलाच्या जखमा धुतल्या आणि लगेच त्याच घटकेला बाप्तिस्मा घेतला, तिथे एवढं पाणी कुठून आणलं यावर लोक शतकानुशतकं भांडतायत. मजकुरात काही उत्तर नाही.

दुसरा भाग तर मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. डिडाखे नावाचं अगदी सुरुवातीच्या मंडळीचं एक छोटं पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या शेवटाचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं मानतात, १८७३ मध्ये त्याचं हस्तलिखित कॉन्स्टँटिनोपलला सापडलं आणि १८८३ मध्ये छापलं गेलं. त्यात बाप्तिस्म्याबद्दल सांगितलंय की वाहत्या पाण्यात द्या, वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड जमत नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओता. म्हणजे पहिली पसंती भरपूर पाण्याला, पण ओतलेलाही चालत होता. हे ऐकून बाबा खुलले. मग पुढचं वाचलं की त्याच पुस्तकात बाप्तिस्मा घेणाऱ्याने आधी एक दोन दिवस उपास करावा असंही आहे, आता तान्हं बाळ कसला उपास करणार, की बाबा परत गप्प.

लहान मुलांचा बाप्तिस्मा नंतर कोणीतरी घुसवला असं तिकडचं ठाम म्हणणं, तर त्यावर ब्रदरनी स्वतःच्या बाजूच्या विरोधात जाणारा पुरावा दिला. साधारण सन २०० च्या सुमाराला तर्तुल्यन नावाचा लेखक म्हणतो की लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नका, थांबा. थांबा म्हणतोय याचाच अर्थ लोक देत होते. आणि सन २५३ च्या आसपास उत्तर आफ्रिकेत कार्थेजला साठपेक्षा जास्त बिशप बसले होते तेव्हा प्रश्न द्यायचा की नाही असा नव्हताच, सुंतेसारखं आठव्या दिवसापर्यंत थांबायचं की आधीच द्यायचा असा होता. पण सन २०० च्या सुमाराची चाल म्हणजे प्रेषितांची आज्ञा असं होत नाही, हेही त्यांनी लगेच खाली लिहिलं.

अजून एक गोष्ट मला आयुष्यात पहिल्यांदा कळली. आपण धरून चालतो की बाळ म्हटलं की शिंपडणं आणि मोठा माणूस म्हटलं की बुडवणं. तर ऑर्थोडॉक्स मंडळ्या तान्ह्या बाळांना तीनदा पूर्ण बुडवतात, आणि याच्या बरोब्बर उलट, २१ जानेवारी १५२५ ला झ्युरिकमध्ये ज्या लोकांनी बाळपणीचा बाप्तिस्मा नाकारून मोठेपणी परत घेतला, कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला दिला तो, तो डोक्यावर पाणी ओतून होता. त्या मंडळींपैकी फेलिक्स मान्झला ५ जानेवारी १५२७ ला लिमात नदीत बुडवून मारलं, शिक्षा म्हणून. आज आपण किती आरामात भांडतो असं वाटून गेलं. इंग्लंडच्या बाप्टिस्ट लोकांनी बुडवूनच असं १६४४ च्या आपल्या विश्वासपत्रात लिहिलं, आणि पुढच्या दोन तीन वर्षांत प्रेस्बिटेरियन मंडळ्या मानतात त्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात आलं की बुडवणं गरजेचं नाही, ओतलं किंवा शिंपडलं तरी बरोबर. दोघंही बायबल हातात घेऊनच बसले होते हो.

मग माझा खरा प्रश्न, परत घ्यायचा का. इथे त्यांनी जे मांडलं त्याने घरातलं वातावरण खरंच जरा निवळलं. ते म्हणाले की तुमच्या दोन्ही घरांचं परत घेण्याबद्दल भांडणच नाहीये. बाप्तिस्मा एकदाच होतो हे दोघांनाही मान्य आहे, इफिस ४:५ मधला एकच बाप्तिस्मा दोघंही मानतात. सासरचे परत घे म्हणत नाहीयेत, त्यांच्या हिशोबाने पहिला झालाच नाही. बाबांच्या हिशोबाने पहिला पूर्ण झालाय आणि दुसरा घेणं म्हणजे देवाने तेव्हा काही केलंच नाही असं म्हणणं. तेव्हा भांडायचंच असेल तर पहिल्यात काय झालं यावर भांडा. १९८२ मध्ये पेरू देशात लिमाला जगभरातल्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी एक मसुदा केला होता, त्यातही पुन्हा बाप्तिस्मा दिला असं वाटेल असं काही करू नका असं आहे, पण बऱ्याच बाप्टिस्ट मंडळ्यांची अडचण तिथे तशीच राहते कारण त्यांच्या दृष्टीने पुन्हा हा शब्दच लागू होत नाही. कृत्ये १९ मधल्या इफिसच्या साधारण बारा जणांचं उदाहरण सासूबाई देतात, त्यांनी परत घेतला ना मग. तर त्यांचा आधीचा बाप्तिस्मा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा होता, येशूच्या नावाने नव्हे, पवित्र आत्मा आहे हेही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या, नावाने बाप्तिस्मा झालेल्या बाळाला ते जसंच्या तसं लावता येत नाही, असं बुडवून देणाऱ्या पाळकानेच लिहिलंय हे सासूबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, अस्सं, आणि चहा टाकायला गेल्या. माझं पुढे काय ठरलं ते विचारू नका, चर्चा चालू आहेत.

दुसरा प्रश्न माझ्या होणाऱ्या नवऱ्याने टाकला, बाप्तिस्म्याशिवाय तारण, म्हणजे पापापासून सुटका, होतं का. यावर फॉरवर्डमध्ये एकीकडे मार्क १६:१६ आणि योहान ३:५ असतं आणि दुसरीकडे येशूच्या शेजारचा वधस्तंभावरचा चोर, ज्याला बाप्तिस्म्याशिवायच स्वर्गाचं वचन मिळालं. उत्तर चांगलं होतं. मार्क १६:१६ च्या पहिल्या अर्ध्यात विश्वास धरून बाप्तिस्मा घेणाऱ्याचं तारण होईल असं आहे, पण दुसऱ्या अर्ध्यात दोषी ठरतो तो विश्वास न ठेवणारा, तिथे बाप्तिस्म्याचा उल्लेख परत येत नाही, आणि शिवाय मार्कच्या शेवटच्या अध्यायातल्या ९ ते २० या ओळी सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या दोन जुन्या हस्तलिखितांत नाहीत, तरी इरेनियस नावाच्या बिशपला सन १८० च्या सुमाराला त्या माहीत होत्या, म्हणजे जुन्या आहेतच. तेव्हा सगळं तारणशास्त्र या एका ओळीवर उभं करू नका आणि ती ओळ फेकूनही देऊ नका. चोराबद्दल म्हणाले की तो बाप्तिस्मा घेऊ शकत नव्हता, तुम्ही घेऊ शकता, त्याचं उदाहरण टाळाटाळीला वापरू नका. हे वाचून नवरा हसला कारण त्याचा स्वतःचा धाकटा भाऊ अनेक वर्षं हेच उदाहरण देऊन बसलाय.

पण या उत्तरातला सगळ्यात भारी भाग म्हणजे कृत्यांमधला क्रम. कृत्ये २:३८ मध्ये आधी पश्चात्ताप मग बाप्तिस्मा मग पवित्र आत्म्याचं दान, आणि त्या दिवशी तीन हजार माणसं मिळाली. कृत्ये ८ मध्ये शोमरोनच्या लोकांनी विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला, पण पवित्र आत्मा आला तो नंतर पेत्र आणि योहानाने येऊन हात ठेवल्यावर. कृत्ये १० मध्ये कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी उलटंच, पेत्राचं बोलणं संपायच्या आधी पवित्र आत्मा उतरला आणि पाणी मागाहून. आणि १९ मध्ये आधी एक बाप्तिस्मा झालेला, मग दुसरा, मग हात ठेवणं, मग आत्मा. एकाच पुस्तकात, एकाच लेखकाकडून, इतके वेगळे क्रम. ज्यांच्याकडे तारणाचं पहिली पायरी दुसरी पायरी असं छापील पत्रक असतं त्यांनी हे चार अध्याय एका बैठकीत वाचावेत. आणि पौल स्वतः १ करिंथ १ मध्ये म्हणतो की बरं झालं मी क्रिस्प आणि गायस सोडून तुमच्यातल्या कोणाला बाप्तिस्मा दिला नाही, मग त्याला आठवतं, हां, स्तेफनाच्या घरच्यांनाही दिला, बाकी कोणाला दिल्याचं आठवत नाही. इतकं माणसासारखं बोलणं पवित्र शास्त्रात आहे हे आपण विसरतो.

हरवलेल्या वचनाचं प्रकरणही इथेच सुटलं. सासूबाईंच्या फॉरवर्डमध्ये कृत्ये ८:३७ होतं, तू पूर्ण मनाने विश्वास धरत असशील तर योग्य आहे वगैरे, त्यांचा मुख्य मुद्दाच तो. काही आवृत्त्यांत ३६ नंतर थेट ३८ येतं आणि मग व्हॉट्सअपवर बोंब होते की बायबलमधून वचन चोरलं. उत्तरात सांगितलं की ती ओळ जुन्या महत्त्वाच्या ग्रीक हस्तलिखितांत नाही, पण त्यातल्या कबुलीचे शब्द इरेनियसकडे दुसऱ्या शतकात सापडतात, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी असं विचारायची पद्धत फार जुनी. आणि नंबर का उडतो, तर नव्या करारातल्या वचनांचे आकडे रॉबेर एस्तिएन नावाच्या छापखानेवाल्याने १५५१ मध्ये घातले, त्याच्या छापील पाठात ती ओळ होती, पुढे ओळ काढली तरी आकडे कोण बदलणार.

मत्तय २८:१९ आणि कृत्ये २:३८, म्हणजे पित्याच्या पुत्राच्या आत्म्याच्या नावाने की फक्त येशूच्या नावाने, यावर थोडक्यात उत्तर आलं आणि ते पुरेसं होतं. हा वाद पेंटेकॉस्टल लोकांत १९१३ च्या कॅलिफोर्नियातल्या एका शिबिरात पेटला आणि १९१६ मध्ये असेंब्लीज ऑफ गॉड ही त्यांची मंडळी फुटून फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देणारे वननेस वाले वेगळे झाले. बाकी जवळजवळ सगळ्या मंडळ्या मत्तयाचेच शब्द उच्चारतात.

आता अवघड वचनं. यात १ पेत्र ३:१८ ते २१ वरचं उत्तर मी सेव्ह करून ठेवलंय. ख्रिस्ताने तुरुंगातल्या आत्म्यांना घोषणा केली, नोहाच्या तारवात आठ जण वाचले, आणि त्याच्याच जोडीला बाप्तिस्मा आता तुम्हाला तारतो, हे सगळं एका दमात. उत्तराची सुरुवात अशी होती की धर्मसुधारक लूथरलाही या वचनाचा नेमका अर्थ खात्रीने कळला नव्हता आणि त्याने तसं लिहून ठेवलंय, तेव्हा तुम्हाला कळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. मग तीन मतं दिली. ऑगस्टीन या जुन्या बिशपचं मत की ख्रिस्त आत्म्याच्या रूपाने नोहाच्या काळी नोहाच्या तोंडून त्या वेळच्या लोकांशी बोलला. दुसरं, मरणानंतर तो मेलेल्यांच्या जागी उतरला, आपण उपासनेत मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, म्हणतो तसं. तिसरं, उत्पत्ती ६ मधले पतित देवदूत, त्यांच्यापुढे विजय जाहीर केला. प्रत्येक मताला कुठे अडतं तेही लिहिलं होतं. आणि बाप्तिस्मा तारतो याच्या पुढे पेत्र स्वतःच खुलासा करतो की अंगाचा मळ काढणं नव्हे, चांगल्या विवेकाने देवाकडे वळणं, आणि तेही येशूच्या पुनरुत्थानाच्या द्वारे, तो खुलासा तोडून फॉरवर्ड करू नका अशी प्रेमळ टपली. माझी स्वतःची एक शंका, बुडवण्याच्या बाजूने नोहाचं उदाहरण देणाऱ्यांनी एकदा बघावं ना, त्या गोष्टीत बुडाले कोण आणि कोरडे राहिले कोण.

१ करिंथ १५:२९, मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा, हे पण मस्त हाताळलं. पौल ती पद्धत बरोबर म्हणत नाही आणि चूकही म्हणत नाही, पुनरुत्थान नसेल तर हे लोक असं का करतात एवढंच विचारतो, आणि लक्ष देऊन बघा, तिथे तो आम्ही म्हणत नाही, ते म्हणतो. मॉर्मन लोक १८४० पासून याच्या आधारावर पूर्वजांसाठी बाप्तिस्मा घेतात. आणि क्रिसोस्तम नावाच्या प्रवचनकाराने चौथ्या शतकात मार्कियनवाल्यांबद्दल, म्हणजे मंडळीने पाखंडी ठरवलेल्या एका पंथाबद्दल, एक किस्सा सांगितलाय, की बाप्तिस्म्याची तयारी करणारा शिकाऊ माणूस बाप्तिस्म्याआधीच मेला तर त्याच्या पलंगाखाली जिवंत माणूस लपवायचे, मग प्रेताला विचारायचे, बाप्तिस्मा घेणार का, आणि खालून आवाज यायचा, हो घेणार. मग त्या खालच्या माणसाला बाप्तिस्मा. क्रिसोस्तमने हा किस्सा श्रोत्यांना हसवायला सांगितला, आमच्या घरातही हसून हसून पुरेवाट झाली, बाबा आणि सासूबाई एकदमच हसले, या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच.

इथपर्यंत पाचपैकी पाच तारे. आता घसरण.

जुन्या करारातल्या अवघड गोष्टींवर यांची दुसरी कोणीतरी टीम बसते वाटतं, कारण आवाजच बदलतो. मी इस्राएलचा सेनापती इफ्ताह याचा प्रश्न टाकला, शास्ते ११. त्याने नवस केला की जिंकून घरी आलो की जे पहिलं दारातून सामोरं येईल त्याचं होमार्पण करीन, आणि एकुलती एक मुलगी डफ वाजवत नाचत बाहेर आली. त्याने मुलीला जाळलं का? उत्तर आलं चार ओळींत, नाही, तिला आयुष्यभर कुमारी म्हणून देवाच्या सेवेला वाहिलं, देव दयाळू आहे, शंका घेऊ नका. बस. कोण लिहितंय, कुठल्या मताचे, काही नाही. वचनात काय आहे आणि मंडळ्या काय मानतात हे भाग तर गायबच.

मला हे मत चुकीचंच आहे असं म्हणायचं नाही. मुलीने दोन महिने मागितले ते आपल्या कौमार्यासाठी शोक करायला, मरणासाठी असं लिहिलेलं नाही, आणि लेवीय २७ मध्ये नवसाचा माणूस किंमत देऊन सोडवायची सोयही आहे, तेव्हा त्या मताला थोडा आधार आहे. मध्ययुगातल्या किम्ही या यहुदी भाष्यकाराकडेही हे मत सापडतं. पण ११:३१ मध्ये होमार्पण म्हटलंय आणि ११:३९ मध्ये त्याने नवसाप्रमाणे केलं असं म्हटलंय, आणि पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस सरळ लिहितो की त्याने तिचा बळी दिला आणि तो नियमशास्त्राला धरूनही नव्हता की देवाला मान्यही नव्हता. देवाने हा नवस मागितला किंवा पसंत केला असं त्या अध्यायात कुठेही नाही, आणि पोरांना आगीत जाळणं देवाला किळसवाणं वाटतं हे अनुवाद नावाच्या पुस्तकात १२:३१ मध्ये स्वच्छ आहे. म्हणजे गोष्ट भयंकर असू शकते आणि देव तरी दयाळू असू शकतो, त्यासाठी मुलीला वाचवायची काही गरज नाही. इब्री ११:३२ मध्ये इफ्ताहाचं नाव विश्वासवीरांत येतं म्हणून लोकांना ही गोष्ट धुऊन पुसून घ्यावीशी वाटते हे मला समजतं. पण शंका घेऊ नका हे प्रश्नोत्तर सेवेचं उत्तर होऊ शकत नाही, शंका आहे म्हणूनच तर विचारलंय ना भाऊ.

दावीदाच्या शिरगणतीवर तरी बरं उत्तर मिळालं. २ शमुवेल २४ म्हणतं परमेश्वराच्या रागाने दावीदाला प्रवृत्त केलं, १ इतिहास २१ म्हणतं सैतानाने. आकडेही वेगळे, एकीकडे इस्राएल आठ लाख आणि यहूदा पाच लाख, दुसरीकडे अकरा लाख आणि चार लाख सत्तर हजार. शिक्षा म्हणून दुष्काळ सात वर्षं की तीन, हेही वेगळं. उत्तरात आकडे जुळत नाहीत हे कबूल केलं, लोक कसे जुळवतात ते सांगितलं आणि ती जुळवाजुळव सगळ्यांना पटत नाही हेही. त्यांना येतं, करायचं असेल तर येतं.

फोनवरच्या बोलण्याबद्दल लिहायलाच पाहिजे. माझ्या एका मैत्रिणीला कितीतरी दिवस भीती होती की तिच्या हातून क्षमा न होणारं पाप झालंय, मार्क ३:२९ आणि विश्वास सोडून पडलेल्यांना परत आणणं अशक्य म्हणणारा इब्री ६ वाचून ती पार खचली होती, झोप उडालेली. तिने वेळ मागितली. फोनवर एक सिस्टर होत्या, त्यांनी आधी काहीच समजावलं नाही, तिला मार्क ३ मधलं तिसावं वचन मोठ्याने वाचायला सांगितलं, कारण ते म्हणत होते की याला अशुद्ध आत्मा लागलाय. म्हणजे येशू ते बोलला त्या शास्त्र्यांना, जे समोर भुतं निघताना बघूनही हे भुतांचा सरदार बालजबूल याचं काम म्हणत होते. मग इब्री ६:९ वाचून घेतलं, इतकं कडक बोलल्यावर लेखक लगेच म्हणतो की प्रियजनहो, तुमच्याविषयी आमची खात्री याहून चांगल्या गोष्टींची आहे. आणि मग म्हणाल्या, ज्याला हे पाप झालं असेल त्याला तुझ्यासारखी काळजी वाटत नसते गं बाई, आणि आज रात्री झोप आली नाही तर उद्या डॉक्टरकडेही जा, त्यात अविश्वास काही नाही. शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त पटलं. इब्री ६ वर मंडळ्यांची वेगवेगळी मतं आहेत ती त्यांनी तिला त्या दिवशी सांगितली नाहीत, नंतर लेखी पाठवली, आणि ते बरोबरच केलं.

बारीकसारीक तक्रारी. कधी कधी लेखीच्या ऐवजी लांब व्हॉइस नोट येते, त्यात सुरुवातीची प्रार्थना आणि गाडीचे हॉर्न, संदर्भ लिहून घेताना नाकी नऊ येतात. काही उत्तरांत नुसती संदर्भांची माळ असते, पंधरा वीस वचनं आणि दोन शब्दही स्पष्टीकरण नाही. आणि एकदा उत्तर संपल्यावर तुमची मंडळी कुठली, आमच्या सभेला या असं आलं. मी नको म्हटल्यावर परत आलं नाही हे खरं, पण आधीही यायला नको होतं. उत्तर यायला वेळ लागतो, त्याचं मला काही वाटत नाही. एआयला विचारलं तर क्षणात येतं पण त्यातलं वचन उघडून बघितलं तर कधी तिथे भलतंच असतं.

वापरणार असाल तर प्रश्न टाकतानाच लिहा की वचनात काय आहे, मंडळ्या काय मानतात आणि तुम्ही काय मानता हे वेगळं करून सांगा, आणि उत्तर देणारे कुठल्या मंडळीचे तेही विचारा. मी इफ्ताहाचं उत्तर या तीन भागांत परत मागितलं तेव्हा सॉरी ताई, दोन्ही बाजू द्यायला हव्या होत्या असा मेसेज आला आणि पुढच्यांना तशाच देऊ म्हणाले. मैत्रिणीला तोच प्रश्न तिच्या नंबरवरून टाकायला सांगितलाय, काय येतं ते बघून खाली अपडेट टाकते.